रिव्हर्स कर्व्ह नायटाय वायर: चावा उघडते खरी, पण कशी?

खालच्या दातांची रांग बाजूने पाहिली की उपदाढांपाशी खोलगट दिसते. फर्डिनांड ग्राफ फॉन स्पी या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती ‘कर्व्ह ऑफ स्पी’. चांगल्या चाव्यात, म्हणजे वरखालचे दात नीट मिटतात तिथे, ही वक्रता सपाट किंवा किंचितच असते, हे दंतवक्रतातज्ज्ञ लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या सहा निकषांपैकी एक. डीप बाइटच्या (वरचे दात खालच्यांना जास्त झाकतात अशा खोल चाव्याच्या) रुग्णात ती ३-४ मिमी सहज भरते. ती सपाट करायला तयार मिळणारी, उलट वक्रता दिलेली ब्रेसेसची वायर म्हणजे ही रिव्हर्स कर्व्ह नायटाय (निकेल-टायटॅनियम). टेबलावर ठेवली तर डोलखुर्चीच्या पायासारखी डुलते.

आधी मोजा. खालच्या कास्टवर (दातांच्या साच्यावर) पुढच्या दातांच्या कडा आणि दुसऱ्या दाढेचं मागचं टोक यांवर सपाट पट्टी टेकवून सर्वांत खोल जागेपर्यंतचं अंतर घ्या, दोन्ही बाजूंचं.

ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला तुकडा, स्लॉट म्हणजे त्यातली वायरची खाच. ०.०२२ इंचाच्या स्लॉटमध्ये ०.०१७ × ०.०२५ इंच हा माप सर्वांत कामाचा. ०.०१९ × ०.०२५ लवकर घातली तर ब्रॅकेट निघतात. दात वेडेवाकडे असताना ही वायर नकोच. आधी साध्या नायटायवर रांग सरळ होऊ द्या. खाली बसवताना वायरचा उंचवटा वरच्या बाजूला हवा. फक्त दाढांच्या ट्यूबमध्ये (दाढेवरच्या नळीत) घातल्यावर पुढचा भाग हिरडीकडे खाली उतरलेला दिसला पाहिजे. उलटी बसली तर चावा आणखी खोल होतो, आणि ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. दुसऱ्या दाढा बांधून घेतल्या तर वक्रता चांगली सुटते.

सपाटीकरणाचं काम ही वायर चोख करते, तेही रुग्णाच्या फार सहकार्याविना. तक्रार वेगळीच आहे: वक्रता नेमकी कशाने सुटावी, हे ती तुम्हाला ठरवू देत नाही. पुढचे दात थोडे हाडात आत दाबले जातात, उपदाढा वर येतात, दाढा मागे कलतात. पुढच्या दातांवरचा दाब ब्रॅकेटमधून, म्हणजे मुळाच्या प्रतिरोध केंद्राच्या (ज्यातून दाब गेला तर दात न झुकता सरळ सरकतो त्या बिंदूच्या) पुढून जातो. त्यामुळे दात खाली जाताना ओठाकडे झुकतो. चौकोनी वायरचा टॉर्क (खाचेतला पीळ) त्यात भर घालतो. मग ‘चावा उघडला’ असं दिसतं, पण त्यातलं बरंचसं नुसतं झुकणं असतं.

यावर उपाय म्हणजे वायर मागे सिंच करणं, म्हणजे तिचं टोक शेवटच्या ट्यूबमागे वाकवून अडकवणं. नायटायचं टोक थंड असताना वाकून राहत नाही. वायर तोंडाबाहेर काढून फक्त शेवटचे ३-४ मिमी लाल होईपर्यंत तापवा, मग बसवून ट्यूबमागे वाकवा. जास्त भाग तापवला तर दाढेपाशीचा स्प्रिंगपणा जातो. सोबत पुढचे सहा दात बारीक तारेने आठाच्या आकड्यात एकमेकांना बांधून ठेवा.

वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत असतील तर वायरची काही चूक नाही. वरच्या दातांच्या मागे बाइट टर्बो (चावा उघडा ठेवणारे छोटे उंचवटे) लावा.

भेट दर ४ आठवड्यांनी. ही वायर कुठे थांबायचं ते जाणत नाही; रुग्ण दोन-तीन महिने आलाच नाही तर वक्रता उलटी होऊन पुढच्या दातांत ओपन बाइट (वरखालचे दात न भिडणं) दिसू लागते. सपाट झाली की लगेच ०.०१९ × ०.०२५ स्टीलवर जा, आणि फटी तिथेच बंद करा, या लवचीक वायरवर पॉवर चेन (रबरी साखळी) ओढून नव्हे.

कमानीचा आकार हा दुसरा दोष. पाकिटातली वायर सगळ्यांना एकाच साच्याची असते. कास्टवर ठेवून सुळ्यांपाशी पाहा. रुंद वाटली तर अरुंद आकाराची मागवा.

वाढीच्या वयातला, आडव्या (आखूड-रुंद) चेहऱ्याचा, पुढचे दात मागे झुकलेले असलेला रुग्ण हा तिचा खरा गिऱ्हाईक. लांब चेहऱ्याच्या प्रौढात मागचे दात वर आले की जबडा खाली-मागे फिरतो, चेहरा आणखी लांब दिसतो. तिथे पुढच्या दातांना युटिलिटी आर्चने (दाढांना आणि पुढच्या दातांनाच जोडणाऱ्या वायरने) हलक्या दाबाने हाडात आत घ्यावं. खालचे दात आधीच ओठाकडे कललेले असतील तरीही हे पाकीट उघडू नये.