बीपी मशीन, सात महिन्यांनंतर: आधी पाच मिनिटं गप्प बसा

तक्रारीपासूनच सुरुवात करते. मशीन फार बोलतं. बटण दाबलं की बीप, पट्टा फुगताना घरघर, मोजून झालं की लागोपाठ तीन बीप. सकाळी साडेसहाला बाबा मोजायला बसले की अख्खं घर उठतं. आवाज बंद करता येतो, पण ते माहितीपत्रकात इतक्या मागे आणि इतक्या बारीक अक्षरात छापलंय की मला चौथ्या महिन्यात सापडलं. तोवर सगळ्यांना सवय झाली होती.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं आहे, मनगटावरचं नाही. मनगटावरची दिसायला सुटसुटीत असतात, पण हात जरा इकडेतिकडे झाला की आकडा बदलतो, म्हणून डॉक्टरांनी दंडाचंच घ्या असं बजावलं होतं. बाबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे आलं.

बाबांना काय झालं होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय या मशीनबद्दल माझं मत कळणार नाही. मी पगाराचं काम बघते. महिनाअखेर होती, घरूनच काम चालू होतं, कानात हेडफोन आणि समोर लाल उद्गारचिन्हाची मेल. आई दारात येऊन म्हणाली, "अगं, बाबा बघ कसं बोलतायत." मी तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. एक मिनिट. त्या ‘एक मिनिटा’ची सहा-सात मिनिटं झाली. बाहेर आले तेव्हा बाबा पेपर वाचत होते, बोलणं स्वच्छ. आई सांगत होती की तोंडाची उजवी बाजू ओघळली होती, शब्द लडबडत होते, चष्मा उचलताना हात भलतीकडेच गेला. बाबा म्हणाले, "काही नाही गं, झोप नीट झाली नाही." आणि मी परत जाऊन कॉलवर बसले. आईने बोलावलं तेव्हा गेले नाही याची लाज वाटतेच. पण बघून आल्यावरसुद्धा ‘आता बरे आहेत ना’ म्हणून परत फिरले, ते जास्त टोचतं.

दोन तासांनी दादाचा फोन आला. आईने त्याला सांगितलं होतं. त्याने एकच वाक्य म्हटलं, "आहेत तसे गाडीत बसव."

बाबांना जे झालं त्याला टीआयए म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि आपोआप सुरू होतो. स्कॅनमध्ये काही दिसत नाही, माणूस ठणठणीत वाटतो. पण खरा झटका, म्हणजे स्ट्रोक, येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सगळ्यात जास्त असतो, म्हणून लक्षणं गेली तरी त्याच दिवशी, लगेच जायचं असतं. आणि लक्षणं टिकली, म्हणजे स्ट्रोकच असला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. यातलं काही मला माहीत नव्हतं. पगाराची शीट किती वाजता बँकेत पोचली पाहिजे, तेवढं मात्र तोंडपाठ होतं.

तर मशीन. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून दंडातल्या रक्ताचे आवाज ऐकतात. कोरोत्कोफ नावाच्या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये ती पद्धत सांगितली. हे मशीन काही ऐकत नाही. पट्टा फुगून धमनी दाबतो, मग हवा हळूहळू सुटते, तेव्हा नाडीचे ठोके पट्ट्यातल्या हवेत जे बारीक हेलकावे उठवतात त्यावरून ते हिशेब करतं. म्हणूनच मध्ये हात हलला, खोकला आला, कुणाशी बोललं की हिशेब बिघडतो. यात मशीनचा दोष नाही, पण हे कुणीतरी खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

आमची पहिली रात्र या अज्ञानातच गेली. अकरा वाजता बाबांना मऊ सोफ्यावर बसवलं, पायावर पाय, हात मांडीवर लोंबता, आई शेजारून "किती आलं, किती आलं" करतेय आणि बाबा तिला उत्तर देतायत. वरचा आकडा आला १७८. माझेच हातपाय गार पडले. हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या डॉक्टर बाईंनी आकड्यात फारसा रसच घेतला नाही. "बोलतायत नीट? हसायला सांगा, तोंड सरळ आहे? दोन्ही हात वर धरायला सांगा. छातीत दुखतंय? धाप?" सगळ्याला नाही, ठीक आहे, असंच उत्तर. "मग पट्टा सोडा, शांत बसू द्या, आणि खुर्चीत बसवून परत मोजा." अर्ध्या तासाने १४९.

मी फोन धरून तशीच उभी राहिले. १७८ बघून मी अर्धं घर डोक्यावर घेतलं होतं. आणि सात मिनिटं वाकडं झालेलं तोंड मी एका बोटावर थांबवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की पट्टाही चुकीचा होता. सोबत आलेला २२ ते ३२ सेंटीमीटरचा, बाबांचा दंड ३५. पट्टा लहान पडला की आकडा फुगून येतो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, यासाठी मी अर्धा स्टार कापतेय. घ्यायच्या आधी टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा. मॉडेलची अचूकता तपासलेली आहे का तेही बघा. ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेची अशा तपासलेल्या मशीनची यादी इंटरनेटवर आहे, आमचं मॉडेल तिच्यात निघालं ते निव्वळ नशिबाने.

आता आमची पद्धत बसलीय. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही, बाथरूमला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येतो. हात दहा सेंटीमीटर खाली राहिला तरी सात-आठ अंक उगाच वाढतात. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. टीव्ही नाही, फोन नाही, बोलणं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत. घरी मोजताना सरासरी १३५/८५ च्या वर राहायला लागली तर कळवा, असं सांगितलंय. एखाद्या दिवसाच्या उड्यांसाठी फोन करायचा नाही. तोंड, हात, बोलणं यातलं काही बिघडलं तर मात्र मशीनला हातसुद्धा लावायचा नाही, थेट निघायचं. हे आईने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

ती पाच मिनिटं सुरुवातीला मला सोसायची नाहीत. शेजारी बसून मी मांडीखाली फोन धरायचे. हॉस्पिटलमधून आल्यावर मेल उघडली होती तेव्हा ‘अर्जंट’ म्हणून आलेल्या एक्केचाळीस होत्या. निम्म्याहून जास्त आपसात मिटल्या होत्या. एकीत तर शीटमधल्या रकान्याचा रंग बदला म्हणून तीनदा आठवण केली होती. पगार वेळेवर झाले. कुणीतरी केले. तरी फोन थरथरला की माझा हात अजून जातोच, खोटं कशाला बोलू.

मशीनबरोबर येणाऱ्या ॲपबद्दल न बोललेलंच बरं. आलेख रंगीत आहेत, पण दर दोन दिवसांनी जोडणी तुटते आणि आकडा जरा वर गेला की लाल सूचना येते. बाबांनी ती एकदा पाहिली आणि पुढचा आकडा आणखी वर गेला. काढून टाकलं. वही बरी. बॅटरी तीनेक महिने जाते, अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, तोही खोक्यात हवा होता. पाचपैकी साडेतीन.

मेमरी दोन माणसांची आहे, एक आणि दोन अशी बटणं. दोन नंबर रिकामाच होता. मागच्या महिनाअखेरीला बाबांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, फोन काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तो तिथे तीनदा थरथरला. मी उठायला लागले तर त्यांनी एक बोट वर केलं.

१४४ आलं. त्यांनी ते वहीत लाल पेनाने लिहिलंय.