लीथल वेपन की द नाइस गाईज, एकच रात्र असेल तर कुठला?

दोन टाळकी, एकमेकांशी अजिबात न जमणारी, भांडत भांडत केस सोडवतात, मधेच गोळीबार, मधेच हसू, आणि सगळ्याला जुन्या काळाचा रंग, असा पिक्चर हवा असेल तर माझ्या डोक्यात ही दोनच नावं येतात. 'लीथल वेपन' १९८७ चा आणि 'द नाइस गाईज' २०१६ चा. गंमत म्हणजे दोन्हींच्या मागे माणूस एकच, शेन ब्लॅक. पहिला त्याने नुसता लिहिला, डिरेक्ट केला रिचर्ड डॉनरने, आणि दुसरा त्याने जोडीदाराबरोबर लिहिला आणि डिरेक्टही स्वतःच केला.

फरक कळायला दोन्हींची पहिली पाचच मिनिटं बघा. दोन्हीकडे लॉस एंजेलिस, रात्र, आणि उंचावरून खाली येणारी एक बाई. लीथल वेपनमधे ती बाल्कनीतून पडते ती थेट खालच्या गाडीवर, पिक्चर सरळ गंभीर होतो. नाइस गाईजमधे एक पोरगा रात्री चोरून मासिक चाळत असतो आणि टेकडीवरून एक कार घरंगळत येऊन त्याचं अख्खं घर फोडून आरपार जाते, तो धावत बाहेर जाऊन बघतो तर मासिकातलीच बाई समोर मरायला टेकलेली, आणि हा काय करतो तर अंगातला शर्ट काढून तिच्यावर पांघरतो. आधी हसू येतं, मग एकदम घशाशी काहीतरी अडकतं. पुढचे जवळजवळ दोन तास पिक्चर हेच करत राहतो.

आता रेट्रो म्हणाल तर लीथल वेपन खराखुरा जुना आहे, म्हणजे त्यात कोणी जुनं दाखवायचा प्रयत्नच करत नाहीये, मेल गिब्सनचे केस आणि मागे वाजणारा सॅक्सोफोन हे त्या काळचं रोजचं. नाइस गाईज १९७७ दाखवतो, पण नुसते बेलबॉटम आणि मिशा लावून मोकळा होत नाही, शहरावर साचलेला गाड्यांचा धूर थेट केसच्या मुळाशी निघतो (पुढचं सांगत नाही). हां, पार्टीत 'सप्टेंबर' गाणं वाजतं ते आलं १९७८ च्या शेवटी, पण गाणं इतकं फिट बसलंय की मी तरी माफ केलं.

जोडीचं म्हणाल तर लीथल वेपनमधले रिग्ज (मेल गिब्सन) आणि मर्टो पोलीस आहेत आणि आपल्या कामात पक्के, रिग्जची बायको गेलीये, त्याला जगायचंच नाहीये, त्यामुळे तो बेफाम, आणि डॅनी ग्लोव्हरचा मर्टो नुकताच पन्नाशीचा झालेला, बायकापोरांचा. ॲक्शन हवी असेल तर इथे जास्त मिळेल. नाइस गाईजमधला रायन गॉसलिंगचा मार्चपण विधुरच, पण प्रायव्हेट डिटेक्टिव्ह आणि कामात आनंदी आनंद. एका सीनमधे तो बंद बारमधे शिरायला हाताला कापड गुंडाळून दाराची काच फोडतो, जसे सगळे हिरो फोडतात, आणि ह्याची सरळ नसच कापली जाते, पुढच्या सीनला ॲम्ब्युलन्समधे. मी तो सीन तीनदा मागे नेऊन बघितला. रसेल क्रोचा हीली पैसे घेऊन लोकांचे हातपाय मोडणारा, त्यात मार्चचाही हात मोडतो, तीच ह्यांची ओळख! आणि खरी अक्कल कोणाकडे तर मार्चच्या शाळकरी पोरीकडे, अँगौरी राइसने दोघा मोठ्या नटांसमोर भाव खाल्लाय.

माझं मत? नाइस गाईज. लीथल वेपनचे व्हिलन आज जरा एकसुरी वाटतात आणि शेवटची मारामारी उगाच लांबलीये. पण मोठी सिरीज धरायची असेल तर मात्र लीथल वेपनच घ्या, त्याचे पुढे अजून तीन भाग आहेत, नाइस गाईज थिएटरात फार चालला नाही आणि एकावरच थांबला.

लहान पोरांना घेऊन दोन्ही बघायला बसू नका, आणि नाइस गाईज लावलात तर सबटायटल चालू ठेवा, गॉसलिंग अर्धे विनोद तोंडातल्या तोंडातच पुटपुटतो.