टेबल जोडलेली व्यायामाची सायकल: दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

दिवाळी संपली आणि लॅपटॉप ठेवायचं टेबल जोडलेली व्यायामाची सायकल आमच्या घरात आली. आता गणपती तोंडावर आलेत. थंडी, मे महिन्याचा घाम आणि घोडबंदर पट्ट्यातला पावसाळा, सगळं तिने पाहिलं, त्यामुळे आता तिच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला सांगायचंय ते या प्रकारच्या सायकलीबद्दल. आणि मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: ही वस्तू खुर्चीच्या जागी येते, व्यायामाच्या जागी येत नाही. हे डोक्यात ठेवून घेतली तर पैसे वसूल होतात. वजन उतरवायला घेतली तर दोन महिन्यांत मन उडेल.

मी ठाण्यात मानपाड्याला राहते आणि ऐरोलीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. आठवड्यातले काही दिवस ऑफिसात, बाकीचे घरून. ऑफिसच्या दिवशी चालणं आपोआप होतं. ठाणे स्टेशनला उतरलं की सॅटिसचा पूल, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसचा उन्नत मार्ग, मग जिने, मग ट्रान्स-हार्बरच्या गाडीसाठी नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म, ऐरोलीला उतरून पुन्हा कंपनीच्या गेटपर्यंत पायपीट. संध्याकाळी तेच उलट. घरून काम असलं की बेडरूम ते स्वयंपाकघर एवढाच प्रवास. त्यात डॉक्टरांनी सांगितलं की साखर काठावर आहे, जेवल्यावर लगेच खुर्ची धरू नका. रविवारी आम्ही उपवनला जातो, तलावाभोवती चालतो, ते छान चाललंय. प्रश्न होता तो मंगळवार-बुधवारच्या दुपारचा.

सायकलीची रचना सोपी आहे. खाली चाकं, मध्ये बंद डब्यात फ्लायव्हील म्हणजे पेडलबरोबर फिरणारं जड धातूचं चाक, वर सीट, आणि पुढे हॅन्डलच्या जागी एक फळी, जी मागेपुढे सरकते आणि खालीवर होते. जोर कमी-जास्त करायचा तो चुंबकाने. गोल फिरवायचं बटण आवळलं की चुंबक फिरत्या धातूच्या चाकाजवळ जातो, धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि ते चाकाला मागे ओढतात. काही घासत नाही, म्हणून आवाज नाही आणि बदलायला पॅडही नाहीत. फेल्टचा पॅड चाकावर दाबणाऱ्या स्वस्त सायकली बाजारात आहेत. कामासाठी घ्यायची असेल तर त्या नकोत, मीटिंगमध्ये तो घासल्याचा आवाज माइकमध्ये जातो.

आता खरा मुद्दा, काम होतं का. काही कामं होतात, काही होत नाहीत, आणि दोन्हींमधली रेघ अगदी स्पष्ट आहे. ज्यात ऐकायचं किंवा वाचायचं असतं ते सगळं पेडल मारत उत्तम होतं. आठवड्याची मोठी मीटिंग, जिथे माझी पाळी शेवटी येते, ती पूर्ण सायकलवर. व्हेंडरची बिलं तपासणं, नव्या परिपत्रकाचं वाचन, ई-मेलचा ढीग उपसणं, सगळं चालतं. फोनवरची बोलणीही होतात, पेडल हळू ठेवलं तर श्वास लागत नाही. पण एक्सेलमध्ये माउसने बारीक काम, बँकेच्या खात्याचा ताळमेळ, दोन शीट शेजारी ठेवून आकडे जुळवणं हे काही होत नाही. पाय हलले की कंबर किंचित हलते, कंबर हलली की खांदा, आणि कर्सर शेजारच्या खान्यात जाऊन बसतो. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या तारखा, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख, या दोन दिवशी मी सायकलीकडे बघतही नाही. टायपिंगचं म्हणाल तर चार ओळींचं उत्तर आरामात लिहिता येतं, दोन पानी टिपण नाही.

म्हणून मी वेळा ठरवल्या नाहीत, कामं ठरवली. सकाळी चहा घेताना दिवसाच्या कामांवर नजर टाकते आणि ऐकायची-वाचायची कामं जेवणानंतरच्या तासात ढकलते. ही सवय लागली आणि सायकल रोज वापरात राहिली. त्याआधी ‘रोज अमुक वाजता तासभर’ असं चाललं होतं, आणि त्या वेळेला नेमकं ताळमेळाचं काम पुढ्यात यायचं. जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं हलकं पेडल मारलं की तीन वाजताची ती जड झापड येत नाही. मला जाणवलेला सगळ्यात मोठा फरक हाच. जेवल्यावर स्नायू हलत राहिले की रक्तातली साखर तेवढी उसळत नाही, हे डॉक्टरही सांगतात. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनने तर मधुमेहींना दर तीस मिनिटांनी बसणं मोडायला सांगितलंय. वजन मात्र फारसं हललेलं नाही आणि मी तशी अपेक्षाही धरली नव्हती.

कॅलरीच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक त्यावरच भुलतात. माझ्या सायकलीच्या छोट्या स्क्रीनवर तासाभराने सहाशेच्या आसपास आकडा येतो. गंमत अशी की ती सायकल माझं वजन विचारत नाही, आणि जोर एकवर ठेवा नाहीतर सहावर, फेऱ्या तेवढ्याच असतील तर आकडाही तोच येतो. आता साधा हिशोब करा. शरीराचा खर्च ‘मेट’मध्ये मोजतात, एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च, किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी. व्यायामशाळेतल्या सायकलवर ३० ते ५० वॅटचं अगदी हलकं पेडलिंग साडेतीन मेटच्या घरात धरतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला तासाला २४५ कॅलरी, आणि त्यातल्या सत्तर तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या. काम करताना आपला वेग याहूनही कमी असतो. मुलाने त्या स्क्रीनवर कागदाची पट्टी चिकटवलीये, फक्त वेळ आणि फेऱ्या दिसतात. तेवढं पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे, म्हणजे ज्यात श्वास थोडा वाढतो तसा. टेबलावरचं पेडलिंग बहुतेक वेळा त्यात बसत नाही. त्याच सूचनांमध्ये दुसरी वेगळी गोष्टही आहे: बसून राहण्याचा वेळ कमी करा, त्या जागी हलकी हालचाल आली तरी फायदा आहे. माझी सायकल या दुसऱ्या खात्यात जमा होते. पहिल्या खात्यासाठी उपवन आणि सोसायटीचे जिने.

या विषयावर वाचताना एक जुना अभ्यास सापडला, तो मला फार आवडला. लंडनच्या दुमजली बसवर ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करत. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दोघांची तुलना करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच त्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली, तेव्हा दिसलं की ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त होता. म्हणजे फरक सगळाच बसण्यामुळे नव्हता. आपल्याच निष्कर्षावर असा प्रश्न उभा करणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो. ठाण्याच्या टीएमटी बसच्या गर्दीतून तिकिटं फाडत जाणारा कंडक्टर बघितला की हल्ली मला हे आठवतं.

बसण्याची पद्धत ही दुसरी महत्त्वाची बाब. सीटची उंची अशी ठेवायची की टाच पेडलवर टेकवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ होतो. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. आणि सीट वर केली की टेबलही वर करावं लागतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. कोपर काटकोनात यायला हवं. लॅपटॉप त्या फळीवर ठेवला की स्क्रीन खूप खाली जाते आणि मान झुकते. मी लॅपटॉप उंच स्टॅन्डवर शेजारच्या कपाटाच्या कडेला ठेवला आणि फळीवर फक्त वेगळा कीबोर्ड. मानेचं दुखणं त्यानंतर थांबलं. सीट रुंद असली तरी पाऊण तासानंतर बसायच्या जागेला मुंग्या येतात. तेव्हा उतरायचं, ताणून धरायचं नाही. तसंही सलग तासभर मारण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडं थोडं मारलेलं अंगाला मानवतं.

आमच्या सासूबाईंनाही ती हवी होती. फिजिओने परवानगी दिली होती, पण त्यांची उंची पाच फुटांच्या आत आहे आणि सीट पूर्ण खाली आणूनही पाय नीट पोचत नाहीत. घरात कोणी ठेंगणं असेल तर सीटची सर्वात कमी उंची टेपने मोजूनच घ्या. सासूबाईंनी शेवटी त्या फळीचा वेगळा उपयोग शोधला. संध्याकाळी तिथे परात ठेवून उभ्यानेच मेथी निवडतात, म्हणतात खाली बसून उठण्यापेक्षा हे बरं.

आता पावसाळा. जून लागला आणि सीटच्या दांड्यावर तांबूस ठिपके उमटायला लागले. घाम आणि दमट हवा मिळून क्रोमचा मुलामा टिकू देत नाहीत. आता वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसते आणि दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवते, तेवढ्याने ठिपके वाढायचे थांबले. मनगट टेकवायची रेक्झिनची गादी मात्र मे महिन्यातच सोलली. रेक्झिनचे काळे कपटे कीबोर्डच्या बटणांत अडकायचे, मनगटाला चिकटायचे. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की हा भाग वॉरंटीत येत नाही. वर्ष भरायच्या आत सोलणारी गादी वॉरंटीबाहेर ठेवणं मला अजिबात मान्य नाही आणि तसं मी त्यांना लेखी कळवलंय. सध्या त्यावर सुती कापडाची खोळ शिवून घातलीये. खरं तर तीच जास्त चांगली, घाम टिपते आणि धुता येते.

मध्ये डाव्या पायाखाली टक्-टक् सुरू झालं होतं. प्रत्येक फेरीला एकदा, नेमकं जोर लावला की. नाक्यावरच्या सायकलवाल्याला बोलावलं. त्याने पेडल हातात धरून हलवून बघितलं, मग क्रँकचा, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचा, बोल्ट दाखवला, ढिला झाला होता. पान्याने आवळला, पेडल काढून आट्यांना ग्रीस लावलं आणि आवाज बंद. त्याने मुलाला एक गोष्ट दाखवली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. उजव्यासारखं फिरवत राहिलं तर आवळण्याऐवजी सुटतं. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट तपासायचे, घरी आलेल्या एल आकाराच्या चावीने पाच मिनिटांचं काम.

आवाजाबद्दल सोसायटीत राहणाऱ्यांनी हे वाचाच. सायकल स्वतः शांत आहे, पण तिची थरथर फरशीतून खाली जाते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी अगदी सौजन्याने विचारलं की दुपारी वर काय घरघरतं. जाड रबरी मॅट टाकल्यावर मी स्वतः त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन बसले आणि मुलाला वर पेडल मारायला लावलं. काही ऐकू आलं नाही. मॅट सायकलीबरोबरच मागवा.

टेबलाखाली ठेवायचं छोटं पेडलयंत्र घ्यावं का, असं मैत्रिणीने विचारलं. ते अगदी स्वस्त मिळतं, जागाही खात नाही. पण मी तिच्याकडचं वापरून पाहिलंय. गुडघा टेबलाच्या खालच्या कडेला लागतो, आणि चाकाची खुर्ची प्रत्येक रेट्याला मागे सरकते. घरात उंच टेबल आणि न हलणारी खुर्ची असेल तर आधी तेच घेऊन बघावं. माझ्याकडे ते दोन्ही नव्हतं. सायकल मला तीस हजारांच्या आत पडली आणि बेडरूमच्या खिडकीशी साधारण एक ट्रंक मावेल एवढी जागा तिने घेतली. गुडघ्याचं किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घ्यायला जाताना स्वतःचा लॅपटॉप बरोबर न्या. दुकानदार नुसती चालवायला देतो, त्यातून काही कळत नाही. सीट आपल्या उंचीला लावून घ्या, लॅपटॉप फळीवर ठेवा, आणि पेडल मारता मारता एक खरंखुरं ई-मेल पूर्ण लिहून बघा. फळी डुगडुगत असेल तर तिथेच कळेल. टेबलाची दांडी जिथे सायकलीच्या सांगाड्याला जोडलेली असते तो सांधा हाताने हलवून पाहा. माझ्या सायकलीत तो पक्का आहे, म्हणून गादी सोलूनही मी ती परत केली नाही.