बिघाड अ‍ॅडॅप्टरमध्ये, बिल मात्र आयसीचे

जुन्या ऑडिओ इंटरफेसचा (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राचा) संगणकाशी असलेला संपर्क मध्येच तुटू लागला की दोष यंत्रात आहे, केबलमध्ये आहे, की संगणकात, हे वापरणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही, आणि दुरुस्तीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्याला नेमके हेच हवे असते. माझी अशीच फसवणूक झाली. कोणाकडे झाली हे येथे सांगण्यात मला रस नाही. ती कशी झाली आणि कशावरून उघडकीस आली, हे मात्र तपशिलाने लिहितो, कारण हीच पद्धत इतरांवरही सहज वापरता येण्यासारखी आहे.

माझा इंटरफेस आठ माइक-इनपुटचा, यूएसबी २.० वर जोडला जाणारा आणि १२ व्होल्टच्या वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा आहे. एक-दोन साधे माइक लावून काम केले तर तो तासन्‌तास बिनतक्रार चालत असे; पण बाहेरून वीज लागणाऱ्या सर्व कंडेन्सर माइकना फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून जाणारी वीज) दिली की थोड्याच वेळात आवाजात तडतड सुरू होई आणि मग संगणकाच्या यादीतून यंत्रच नाहीसे होई. दर्शनी पट्टीवरचे दिवे मात्र तसेच लागलेले असत. केबल बदलली, हब (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणारी पेटी) काढून ती थेट संगणकाला जोडली, संगणकाची यूएसबीसाठीची वीजबचत बंद केली, दुसऱ्या संगणकावरही लावून पाहिले, तरी लक्षण बदलले नाही. ही सगळी माहिती मी दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र देतानाच तोंडी सांगितली होती. त्याने अ‍ॅडॅप्टर माझ्याकडेच ठेवायला सांगितला. आपल्याकडे आहे, याची गरज नाही, असे तो म्हणाला. सगळ्या प्रकरणाचे मूळ या एका वाक्यात होते.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, मेन आयसी गेली आहे. हा माल आता बनत नाही, बाहेरून मागवावा लागेल." आयसी म्हणजे बोर्डावरची चिप. आगाऊ रक्कम मागितली, ती मी दिली. यंत्र परत घेताना त्याने ते माझ्यासमोर चालवून दाखवले: स्वतःचा अ‍ॅडॅप्टर, स्वतःची हातभर लांबीची केबल, संगणकावर एक गाणे लावलेले, आणि एकही माइक जोडलेला नाही. गाणे स्वच्छ वाजत होते. जुनी आयसी मागितली तेव्हा ती काढतानाच तुटली, टाकून दिली, असे उत्तर मिळाले. बिलावर आयसीचा क्रमांक नव्हता, फक्त 'सर्व्हिसिंग' एवढाच शब्द होता.

माझ्या अ‍ॅडॅप्टरवर, माइक लावून, फँटम पॉवर देऊन काम सुरू करताच तीच तडतड झाली आणि यंत्र तसेच नाहीसे झाले. पुन्हा तक्रार केल्यावर त्याने सूर बदलला. आता दोष ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाला यंत्र चालवता यावे यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, नव्या संगणकावर चालणारा खास ड्रायव्हर त्याच्याकडे विकत मिळणार होता, आणि तोही चालला नाही तर जुने यंत्र त्याला देऊन वर भर घालून दुसरे वापरलेले यंत्र घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. येथे मला पहिल्यांदा संशय आला. इंटरफेसचे ड्रायव्हर उत्पादक सहसा स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत देतात. शिवाय जे इंटरफेस यूएसबी ऑडिओच्या सर्वमान्य मानकानुसार बनलेले असतात, त्यांना बहुधा वेगळ्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. मॅकवर ही सोय आधीपासून होती आणि विंडोज १० मध्ये ऑडिओ क्लास २ चा अंगभूत ड्रायव्हर २०१७ साली आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ड्रायव्हर जुळत नसेल तर यंत्र बहुधा सुरुवातीपासूनच नीट चालत नाही. किती माइकना वीज जाते आहे, याचा त्या दोषाशी काही संबंध नसतो.

मग इलेक्ट्रॉनिक्सचे काम जाणणाऱ्या एका परिचिताला सोबत घेऊन मी यंत्राचे झाकण उघडले. बहुतेक आयसींच्या पाठीवर एक चार आकडी संकेत असतो, त्यातील पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ०९३१ म्हणजे २००९ सालचा एकतिसावा आठवडा. 'नव्या' आयसीवरचा संकेत शेजारच्या आयसींच्या संकेताशी जवळपास जुळत होता. केवळ यावरून काही सिद्ध होत नाही, कारण उत्पादन बंद झालेला भाग बदलला तरी त्यावर जुनीच तारीख असणार. निर्णायक ठरली ती धूळ. बोर्डावर वर्षानुवर्षांची पिठासारखी बारीक धूळ सलग पसरली होती आणि ती त्या आयसीच्या पायांमधल्या फटींतही तशीच, अखंड होती. आयसी गरम हवेने काढून नवी बसवली असती तर तेथे फ्लक्सचा (सोल्डरिंग करताना लावतात त्या रसायनाचा) डाग किंवा तो पुसल्याची स्वच्छ जागा दिसली असती, आणि सोल्डरची चकाकी आजूबाजूच्या टाक्यांपेक्षा वेगळी असती. त्याशिवाय कारखान्यातील तपासणीच्या वेळी मार्करने मारलेली एक निळी रेघ आयसीवरून थेट बोर्डावर उतरली होती आणि ती कोठेही तुटली नव्हती. त्या आयसीला कोणी हात लावला नव्हता. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली.

खरा दोष शोधायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. अ‍ॅडॅप्टर नुसता मोजला तर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसत होते. यंत्र चालू असताना, आतल्या बाजूने सॉकेटच्या टोकांवर मोजले आणि सर्व माइकना फँटम पॉवर दिली, तेव्हा तोच आकडा १० च्या खाली घसरला. फँटम पॉवर ४८ व्होल्टची असते, मानकानुसार प्रत्येक माइक १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो, आणि हे ४८ व्होल्ट यंत्राला त्याच १२ व्होल्टमधून तयार करावे लागतात. अ‍ॅडॅप्टरमधील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने आणि वयाने आतून सुकत जातात. मग विनालोड, म्हणजे काही जोडलेले नसताना, आकडा बरोबर दिसतो, पण लोड आला की पुरवठा खचतो. पुरवठा खचला की डिजिटल भाग रीसेट होतो आणि संगणकाच्या दृष्टीने यंत्र निघून गेलेले असते. दिव्यांना मात्र नाममात्र वीज पुरते, म्हणून ते लागलेले राहतात आणि पाहणाऱ्याची दिशाभूल करतात. तेवढाच व्होल्टेज, तीच ध्रुवता आणि पुरेसा प्रवाह असलेला नवा अ‍ॅडॅप्टर लावताच बिघाड थांबला, तो परत आलेला नाही. (अ‍ॅडॅप्टर बदलताना लेबल नीट वाचावे, कारण काही इंटरफेसना डीसी नव्हे तर एसी पुरवठा लागतो. जुना अ‍ॅडॅप्टर उघडून पाहण्याच्या फंदात पडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतदाब टिकू शकतो.)

संपर्क केव्हा तुटतो, यावरूनच दोषाची जागा पुष्कळशी कळते. केबल हलवताच तुटत असेल तर यूएसबी सॉकेटचे टाके सैल झालेले असण्याचा संभव मोठा, आणि ते काम साध्या सोल्डरिंगचे आहे. संगणक स्वस्थ पडून राहिल्यावर तुटत असेल तर वीजबचतीची सेटिंग पाहावी. अ‍ॅडॅप्टरविना, केवळ यूएसबीवर चालणारा इंटरफेस हबवर तुटत असेल, तर यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देते आणि हब तीही वाटून टाकतो, हे ध्यानात घ्यावे. संगणक किंवा कार्यप्रणाली बदलल्यापासून यंत्र मुळीच ओळखले जात नसेल तर यंत्र बहुधा ठणठणीत असते. फायरवायरचे (यूएसबीसारख्या एका जुन्या जोडणीचे) इंटरफेस वापरणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण २०२५ च्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधारच काढला गेला आहे आणि तेथे कोणतीही आयसी बदलून उपयोग नाही.

छायाचित्रे दाखवल्यावर दुरुस्ती करणाऱ्याने आयसी बदलल्याचे आपण म्हटलेच नव्हते, सर्व्हिसिंग केले होते, असा पवित्रा घेतला, आणि बिलावर तोच शब्द असल्यामुळे माझे पैसे बुडाले. आता कोणतेही यंत्र दुरुस्तीला देताना मी त्याच्याबरोबर त्याचाच अ‍ॅडॅप्टर आणि केबल देतो, बिघाड कोणत्या स्थितीत होतो ते पावतीवर लिहून घेतो, काढलेला भाग परत मिळेल आणि त्याचा क्रमांक बिलावर येईल असे त्याच पावतीवर नोंदवून घेतो, आणि परत घेताना सर्व माइक जोडून, फँटम पॉवर चालू ठेवून, यंत्र तेथेच पुरेसा वेळ चालवून पाहतो.