फुकटची जमीन की रेल्वेची विकतची? १८७० साली अमेरिकेच्या प्रेअरीवर (गवताळ मैदानावर) निघालेल्या स्वीडिश शेतकऱ्यासाठी

समजा, साल १८७० आहे. तुम्ही स्वीडनच्या स्मोलंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरच्या झोपडीत राहता आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतात ठरलेले दिवस राबता. १८६७चं पीक थंडीपावसाने नेलं, १८६८चं दुष्काळाने. जमिनीचं म्हणाल तर जितकी माती तितकेच दगड. भाड्यापुरते पैसे जमलेत, वर थोडे डॉलर उरतील. गोटेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधलं हल, तिथून आगगाडीने लिव्हरपूल, मग न्यूयॉर्कचं कॅसल गार्डन, म्हणजे बाहेरून आलेल्यांना उतरवून घेण्याचं ठाणं, आणि पुन्हा आगगाडीने शिकागो. इथवर फारसा विचार करावा लागत नाही. डोकं लागतं ते शिकागोला उतरल्यावर. कॅन्सस-नेब्रास्काकडे सरकारची जमीन धरायची, की रेल्वे कंपनीकडून विकत घ्यायची?

दोन्ही बाजू मांडतो. पण ‘फुकट’ या शब्दावर माझा भरवसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कागदावर

१८६२च्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षांवरच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकर मिळते. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि शेवटी साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. फी सगळी मिळून १८ डॉलर. परदेशी माणसाने आधी नागरिकत्वाचा पहिला कागद करायचा, म्हणजे स्वीडनच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो असं लिहून द्यायचं. अंतिम पट्ट्याच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, वेळी तर पूर्ण नागरिकत्व लागतं. रेल्वेला यातलं काहीच नको. तिला फक्त पैसे हवेत.

आता मेख कुठे आहे ते पाहा. सरकारने रुळांच्या दोन्ही अंगांना एक सोडून एक असे चौरस मैलाचे तुकडे रेल्वेला बहाल केलेत. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. मधले तुकडे सरकारचे, पण या पट्ट्यात होमस्टेडवाल्याला १६० नाही, ८० एकरच मिळते. (ही अट १८७९ला गेली, पण तुम्ही १८७०मध्ये उभे आहात.) पूर्ण १६० हवी तर पट्ट्याबाहेर, रुळांपासून दूर जायचं. तिथून गव्हाची पोती बैलगाडीने स्टेशनावर न्यायची म्हणजे जाऊन-येऊन काही दिवस मोडले. वाटेत बैल थकले, पाऊस आला, की त्यात आणखी भर. हा खर्च त्या १८ डॉलरच्या पावतीवर छापलेला नसतो.

रेल्वेची जमीन एकराला काही डॉलर. कमी-जास्त भाव पाण्यावर आणि स्टेशनच्या अंतरावर ठरतो. बर्लिंग्टन रेल्वेने नेब्रास्कात १० वर्षांची मुदत दिली, ६ टक्के व्याजाने. ऐकायला बरं वाटतं, पण हप्ता पीक पाहून येत नाही.

फुकटच्या जमिनीच्या बाजूने दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे मांडायला हव्यात, कारण रेल्वेचा एजंट त्या सांगणार नाही. मालकीचा पट्टा हातात येईपर्यंत जमीन सरकारची, म्हणून तिच्यावर मालमत्ता कर नाही. आणि पट्टा मिळण्याआधी केलेल्या कर्जापोटी सावकाराला ती जमीन उचलता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. याची दुसरी बाजू अशी, की ती गहाणही ठेवता येत नाही. अडल्या वेळी मग बैल आणि नांगर गहाण पडतात.

एजंटावरून आठवलं. मिनेसोटाचे हान्स मॅटसन हे स्वतः स्वीडिश. राज्यासाठी आणि रेल्वेसाठी त्यांनी मायदेशातून माणसं आणली, आणि पुढे १८८१ ते १८८३ ते चक्क कलकत्त्यात अमेरिकेचे कॉन्सल जनरल होते. ते खोटं बोलत असं माझं म्हणणं नाही. पण जमीन विकणाऱ्याने केलेलं मातीचं वर्णन अर्धं ऐकावं.

घर कुठेही बांधा, मातीचंच

यात दोन्हीकडे फरक नाही, तरी हे नीट ऐका, कारण तुमच्या बायकोला पहिली काही वर्षं यातच काढायची आहेत. स्मोलंडमध्ये घर म्हणजे लाकूड. इथे नदीनाल्याचा काठ सोडला तर झाड नाही. मग गवताची मुळं विणल्यागत घट्ट गुंफलेली जमीन नांगराने फूटभर रुंद पट्ट्यांत कापायची, पट्ट्यांचे विटांसारखे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून थर चढवायचे. भिंत दोन-तीन फूट जाड होते. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि वणव्यात भिंती तरी पेट घेत नाहीत. माळवदाच्या घरात वाढलेल्याला हे गुण वेगळे सांगायला नकोत.

अवगुण छपरात. तेही मातीचंच. बाहेर पाऊस थांबला तरी आत चिखलाचे थेंब पडत राहतात. आढ्याखाली कापड ताणायचं, नाहीतर माती आणि किडे ताटात. कधी सापही. टेकडीच्या कुशीत खोदलेलं घर याहून स्वस्त, फक्त छपरावर गाय चढणार नाही एवढं पाहायचं.

सरपणही नाही. रानगव्यांचं आणि गुरांचं वाळलेलं शेण गोळा करायचं, मक्याची बुरकुंडं जाळायची, गवताचे पीळ घालून चुलीत सारायचे. स्वीडिश बाईला पहिल्यांदा शेणाला हात लावताना शिसारी येत असेल. आपल्याकडच्या गोवऱ्या थापणाऱ्या बाईला त्यात काय एवढं, असं वाटलं असतं. पाण्याचंही तेच. उंचवट्यावरच्या जमिनीत विहीर शंभर फुटांखाली जाऊ शकते आणि ती हाताने खणायची. म्हणून नाल्याकाठचा तुकडा पाहा. तो बहुतेक वेळा आधीच कुणीतरी धरलेला असतो.

शेजार

माझं मत इथे ठरतं. होमस्टेडच्या कायद्याने दावा लावलेल्या, म्हणजे सरकारकडे मागितलेल्या, जमिनीवरच राहायचं असतं. १६० एकर म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल. शेजारचे तुकडे रिकामे असले तर जवळचं घर मैलांवर जातं. शेजारी आयरिश असेल, जर्मन असेल, चेक असेल. बाळंतपणाला, वणव्याला, नांगराचा फाळ मोडला तर हाक कुणाला मारायची आणि कोणत्या भाषेत?

रेल्वेची जमीन एकगठ्ठा घेता येते. १८६८मध्ये शिकागोतल्या स्वीडिश मंडळींनी कंपनी काढली आणि कॅन्ससमध्ये स्मोकी हिल नदीच्या खोऱ्यात रेल्वेकडून जमीन घेतली. १८६९ला ओलोफ ओल्सन हे पाद्री वेर्मलांडहून आपली माणसं घेऊन तिथे उतरले आणि लिंड्सबोर्ग वसलं. चर्च लगेच, आणि १८८१ला तिथे बेथनी कॉलेजसुद्धा. आजूबाजूच्या सरकारी तुकड्यांवर दावे लावणारेही बरेच स्वीडिशच. म्हणजे शहाण्यांनी दोन्ही साधलं: गाव रेल्वेच्या जमिनीवर, जोडीला फुकटचे ८० एकर.

मैदान मानवत नसेल तर मिनेसोटा आहेच. चिसागोच्या तळ्यांकाठी स्मोलंडचे लोक १८५०च्या दशकापासून आहेत. लाकूड मुबलक आणि हिवाळ्यात जंगलतोडीच्या छावणीत रोख मजुरी. पण झाडं तोडून, बुंधे उपटून शेत करायला वर्षं जातात, आणि चांगली जमीन उरली आहे ती पश्चिमेला, पुन्हा गवताळ पट्ट्यातच.

आणि ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. लिंड्सबोर्गच्या परिसरात कॉ या मूळ अमेरिकी जमातीचे लोक शिकारीला येत, त्यांना १८७३ला कॅन्ससमधून हलवलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत नेब्रास्कातून पॉनी जमातीला. मिनेसोटात १८६२ला डकोटा जमातीशी युद्ध झालं, त्यात वसाहतवाले मेले, आणि शेवटी मँकेटोला एकाच दिवशी ३८ डकोटांना फाशी दिलं. विकत घेतलेल्या एकराला जसा हा इतिहास आहे, तसाच फुकटच्या एकरालाही.

वाईट वर्षात

टोळधाड दोघांनाही सोडत नाही. मिनेसोटात ती १८७३पासून सलग काही वर्षं आली. १८७४च्या उन्हाळ्यात कॅन्सस-नेब्रास्कात टोळांनी उभं पीक, भाजीपाला, अवजारांच्या मुठीसुद्धा कुरतडल्या. इथे फुकटवाल्याची बाजू वरचढ ठरते. टोळांनी नागवलेल्या दावेदारांना अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) दावा न गमावता काही काळ बाहेर मजुरीला जायची मोकळीक दिली. रेल्वेचा हप्ता थकला तर सवलत द्यायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. १८८८च्या १२ जानेवारीचं हिमवादळ तर कोणाच्याच हिशोबात नव्हतं. सकाळ थोडी उबदार होती म्हणून पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली होती.

मग कोणी काय घ्यावं

हातात पैसा नाही, अंगात ताकद आहे, पाठीमागे कुणी नाही: सरकारची जमीन घ्या. मात्र रुळांपासून बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यापलीकडे जाऊ नका, मग एकर कमी मिळाले तरी चालेल. बायको-पोरं सोबत असतील आणि पहिल्या हप्त्यापुरते पैसे असतील, तर आपल्या गावच्या माणसांनी घेतलेल्या रेल्वेच्या जमिनीत वाटा घ्या. मुली मोठ्या असतील तर जास्तच. गावात त्यांना घरकाम मिळतं, आणि पहिल्या वर्षी घरात येणारी रोकड बहुधा तीच.

तुम्ही स्वतः बाई असाल, एकट्या किंवा विधवा, तर रेल्वेचा विचारही करू नका. होमस्टेडचा दावा तुमच्या स्वतःच्या नावाने लागतो. लग्न झालेल्या बाईला ती सोय नाही.