क्रिस्टलडिस्कइन्फो: काही महिने रोज वापरल्यानंतर

आमचं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक. जुनी फाइल मागायला गिऱ्हाईक कितीही वर्षांनी येतं, त्यामुळे हार्ड डिस्क गेली तर नुसतं मशीन बंद पडत नाही, धंद्याची पत जाते. दिवाळी अंकांची धांदल सुरू व्हायच्या आधी ऑफिसातल्या सगळ्या विंडोज मशीनवर क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं. डिस्कची तब्येत दाखवणारा जपानी प्रोग्रॅम आहे, फुकट आणि हलका.

हा प्रोग्रॅम स्वतः डिस्क तपासत नाही. डिस्कच आपल्या दुखण्यांची नोंद आतल्या आत ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. हा ती वाचून समोर मांडतो. वर ठळक अक्षरांत निळं ‘गुड’, पिवळं ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ दिसतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात आहे, त्यातही मुख्यतः तीन ओळींत. 05 म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी5 म्हणजे वाचता येईनात म्हणून संशयित ठेवलेले. सी6 म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीतही हात टेकलेले. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या मोजणीत असतात, तिथे 10 दिसलं तर ते सोळा असतं. फंक्शन मेन्यूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू, म्हणजे हे मूळ आकडे, दशमान करून घ्या.

याचा खरा उपयोग कळला तो एका जुन्या 1 टीबीच्या डिस्कवर. ऑपरेटरची तक्रार होती की कोरल या डिझाइन प्रोग्रॅमची फाइल उघडताना मशीन अडकतं आणि पेनड्राइव्हवर कॉपी करताना वेग मध्येच शून्यावर येऊन परत उचलतो. व्हायरस असेल, रॅम कमी पडत असेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तक्ता उघडला तर सी5 समोर 8. दुसऱ्या दिवशी 16, नंतर 40. हल्लीच्या डिस्कचा एक सेक्टर प्रत्यक्षात 4096 बाइटचा असतो आणि मोजणी मात्र बऱ्याचदा 512 च्या हिशोबाने होते, म्हणून आकडा आठाच्या पटीत चढतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही ‘डिस्क’ नावाखाली 7 नंबरच्या, बॅड ब्लॉकच्या एरर सापडल्या. थोडासा आकडा स्थिर राहिला तर डिस्क पुढेही बरीच चालू शकते. चढायला लागला, की त्या डिस्कवर काम बंद.

अशा वेळी कुणी ना कुणी सांगतंच, ‘चेकडिस्क मारून बघ.’ डेटा बाहेर काढण्याआधी ते अजिबात करू नका. चेकडिस्क हे विंडोजचंच दुरुस्तीचं साधन, ते फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, जुळवायला बसतं, त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहितं, आणि त्यात फायली तुटू शकतात. आम्ही विंडोज न उघडता लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, नव्या, मोठ्या डिस्कवर करून घेतली. हा प्रोग्रॅम अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही; आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतो आणि मग अवघड जागांकडे वळतो. कुठे काय राहिलं याची तो मॅपफाइल ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. फायली शोधायच्या त्या इमेजमधून, मूळ डिस्कला पुन्हा हात न लावता. फोल्डर शाबूत असतील तर उत्तम. नसतील तर फायली हुडकून काढणारा फोटोरेक हा प्रोग्रॅम आहे, पण त्यात फायलींची मूळ नावं जातात, आणि शेकडो पत्रिकांमधून हवी ती ओळखणं फार जिकिरीचं होतं.

डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. लगेच पॉवर काढा. हेड (डेटा वाचणारा भाग) बिघडलेलं असताना डिस्क फिरवत ठेवली तर ते प्लॅटर (आतली फिरती तबकडी) खरवडतं, आणि त्या जागेचा डेटा मग डेटा रिकव्हरीच्या लॅबलाही मिळत नाही. फ्रीजरमध्ये ठेवणं, घरी उघडणं, दुसऱ्या डिस्कचं सर्किट बसवणं, हे सगळं टाळा. बहुतेक डिस्कच्या सर्किटवरच्या रॉममध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते, नुसता बोर्ड बदलून चालत नाही.

त्याच तक्त्यातला सी7, म्हणजे डिस्क आणि मशीनमधल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा, चढत असेल तर मात्र घाबरू नका. तो बहुधा केबलचा दोष असतो. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला, आकडा तिथेच थांबेल. मागे येणार नाही, तेही ठीक.

तक्रारीही आहेत. बाहेरून जोडायच्या डिस्कच्या काही यूएसबी केसमधून स्मार्ट वाचताच येत नाही. प्रोग्रॅम रेसिडेंट (मागे सतत चालू) करून विंडोजबरोबर सुरू होईल असं ठेवलं नाही, तर इशारा द्यायला तो जागाच नसतो. आणि ‘गुड’ ही हमी नाही. गुगलने 2007 मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य आकड्यांपैकी एकानेही आधी इशारा दिला नव्हता.

एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर, तर आणखी जपायला हवं. ती बऱ्याचदा काही न सांगता एकदम जाते, आणि ट्रिम (डिलीट झालेली जागा साफ करायची सोय) चालू असेल तर डिलीट झालेली फाइल सहसा परत मिळत नाही. म्हणून आमच्या एसएसडीवाल्या मशीनची कॉपी रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर होते, आणि ती डिस्क ऑफिसात न ठेवता घरी नेतो.