व्हाउचर होतं, खोली नव्हती

गाडी पोर्चमध्ये थांबताच दोन मुली ट्रे घेऊन पुढे आल्या. गार पाण्यात भिजवलेले हातरुमाल, पॅशन फ्रूटचा रस, "जाम्बो, करिबू साना!" ओट्यावरून खाली पाणवठा दिसत होता आणि केनियातल्या त्सावो नॅशनल पार्कच्या लाल मातीने माखलेले पाच-सहा हत्ती तिथे पाणी पीत होते. आम्ही चौघी मैत्रिणी, साठी ओलांडलेल्या. एकीने माझा हात घट्ट धरला. काउंटरवरच्या मॅनेजरने आमचं व्हाउचर वाचलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग जाड वही उघडली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे आम्ही दिलेलं नाही."

बुकिंग मी केलं होतं. म्हणून हे लिहिणंही माझ्याकडेच येतं.

हिंदी महासागरातल्या क्रूझवर आमचं जहाज मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात दोन दिवस आणि मधली एक रात्र थांबणार होतं. जहाजाची स्वतःची त्सावोची सहल होती, पण ती संध्याकाळी परत आणणारी. आम्हाला एक रात्र जंगलात काढायची होती. शोधता शोधता त्सावो ईस्टमधल्या एका लॉजचं पान समोर आलं. फोटो, खोल्या, जेवणाच्या वेळा, सगळं खऱ्या लॉजचंच, कारण सगळं तिथूनच उचललेलं. वेबसाइटच्या पत्त्यात एक आडवी रेघ तेवढी जास्त होती. ती मला घरी परतल्यावर दिसली.

फार स्वस्त मिळालं की संशय घ्यावा असं आपण सगळेच म्हणतो. इथे स्वस्त काही नव्हतं. माणशी 410 डॉलर, बंदरापासून ने-आण, जेवण, दोन गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघायच्या फेऱ्या) आणि पार्कची फी धरून. इतरांनी सांगितलेल्या दरापेक्षा जेमतेम तीस-चाळीस डॉलर कमी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माणूस अदबीने बोलायचा. आमचं जहाज किती वाजता धक्क्याला लागणार हे त्याला तोंडपाठ होतं आणि मला त्याचंच कौतुक वाटलं. जहाजांची वेळापत्रकं कुणालाही बघता येतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कार्डाने पैसे भरते म्हटलं, तर तो म्हणाला, कार्डावर पाच टक्के जादा पडतील, त्यापेक्षा बँकेत ट्रान्सफर करा. खातं लॉजच्या नावावर नव्हतं, भलत्याच कंपनीच्या नावावर होतं. माझ्या मैत्रिणीने विचारलंही, "अगं, नाव वेगळं कसं?" त्याने मला दिलेलं उत्तर मी तिला दिलं: बुकिंगचं ऑफिस वेगळं असतं. मी तिला गप्प केलं, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली आहे.

निम्मे पैसे आधी गेले. उरलेले त्याने मोंबासाला पोचायच्या आदल्या दिवशी मागितले आणि सोबत ड्रायव्हरचा फोटो, लायसन्स, गाडीचा नंबर पाठवला. सकाळी बंदराबाहेर तीच गाडी, तोच ड्रायव्हर, हातात आमच्या नावांची पाटी. मग शंका कुणाला येणार? आता कळतं की दुसरा हप्ता काढण्यासाठीच त्याने एका खऱ्या ड्रायव्हरला थोडासा अ‍ॅडव्हान्स देऊन उभं केलं होतं.

ड्रायव्हर भला माणूस. मोंबासा-नैरोबी हायवेवर ट्रकांची रांग संपतच नाही, पार्कच्या गेटजवळच्या व्होई गावापर्यंतच्या दीडशेएक किलोमीटरला तीन तासांहून जास्त लागले. वाटेत मॅकिनन रोड नावाच्या गावात रेल्वेलगतच्या सय्यद बाघअली यांच्या दर्ग्यापाशी तो दुवा मागायला उतरला. युगांडा रेल्वे बांधायला 1896 पासून जे हजारो हिंदी मजूर इथे आणले गेले, त्यांच्यातलेच हे एक मुकादम. पुढे त्सावो नदीच्या पुलावर 1898 मध्ये सिंहांनी मजूर मारले, ती हकिकत त्याने आम्हाला सांगितली. आम्ही ऐकत होतो, खूश होतो.

पहिला धक्का व्होई गेटवर बसला. आमच्या नावाने पार्कची फी भरलेलीच नव्हती. पार्क सांभाळणारी केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस रोख घेत नाही, फी ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन भरावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पोचत होते, उत्तर येत नव्हतं. ऑफिसची चूक असेल म्हणून आम्ही कार्डाने फी भरली आणि आत गेलो. तिथूनच मागे फिरलो असतो तर निदान तेवढे वाचले असते.

लॉजमध्ये एकही खोली रिकामी नव्हती. आम्ही काउंटरपाशी उभ्या असताना ड्रायव्हर आत आला आणि संकोचून म्हणाला, माझे उरलेले पैसे पाहुणे देतील असं मला सांगितलंय. म्हणजे त्यालाही फसवलं होतं. त्याचं परतीच्या प्रवासासकट भाडं आम्ही दिलं. मॅनेजरने आम्हाला जेवायला बसवलं, पण घास कुणाच्या घशाखाली उतरेना. गेट सहाला बंद होतं, त्याआधी बाहेर पडून, अंधारात त्याच ट्रकांमधून, रात्री उशिरा जहाजावर परतलो. जहाज रात्रभर बंदरातच होतं हे नशीब. स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बघून घेतं, आपण बाहेरून केलेल्या सहलीसाठी ते थांबत नाही.

त्याच रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. बँकेने सांगितलं, पैसे त्या खात्यातून केव्हाच निघाले आहेत. कार्डाने भरले असते तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता आली असती. त्या पाच टक्क्यांचा उपयोग हाच होता.

केनियात टूर कंपनीला टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचं लायसन्स लागतं. ते मागा, नंबर पडताळून बघा. केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सच्या सभासदांची यादी खुली असते, तीही बघा. पैसे भरायच्या खात्यावर लॉजचं किंवा त्या लायसन्सवरचं नाव नसेल तर एक डॉलरही पाठवू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो. आणि व्हाउचर आलं की लॉजला फोन करा. व्हाउचरवरच्या नंबरवर नाही, तर नकाशावरून किंवा दुसऱ्या एखाद्या टूर कंपनीकडून मिळवलेल्या नंबरवर. आमच्या व्हाउचरवरचा नंबर त्याच माणसाचा होता.

मोंबासाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. इथून साडेअकराला फोन लावला तर तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि रिझर्व्हेशनवर कुणीतरी फोन उचलतं.